तिसरा हात मोकळा आहे

प्रश्न : ताई, मी सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहते आणि टपाल कार्यालयात नोकरी करते. माझी मुलगी नववीत आहे आणि सतत चित्रे काढते. तिच्या वहीत फुलदाणी किंवा डोंगरामागचा सूर्य नसतो, नुसत्या बायका असतात. कुणाला तीन हात, कुणाला पक्ष्याचे पाय, कुणाच्या ओठांवर मिशी. शाळेतील चित्रकलेच्या सरांनी वही पाहून विचारले, की असले विचित्र काढत बसलीस तर इंटरमिजिएटला काय करणार? सासूबाई म्हणतात, बाईमाणसाला असे विद्रूप करू नये. मला मात्र ती चित्रे आवडतात, पण का आवडतात ते कुणाला सांगता येत नाही. मैत्रीण म्हणाली, की हल्ली अशी कल्पक, स्त्रीवादी चित्रे काढणाऱ्या पुष्कळ चित्रकर्त्या आहेत, त्यांचे काम तिला दाखव. मी फोनवर शोधले तर हजारो चित्रे आली, सगळी एकसारखी, आणि कशाखालीच नाव नाही. या चित्रकर्त्या कोण आहेत, त्यांना शोधायचे कसे, आमच्या खिशाला परवडेल असे काही आहे का, आणि चौदा वर्षांच्या मुलीला हे सगळे दाखवावे का? तिच्या एका चित्राचा फोटो सोबत पाठवते आहे.

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

पत्र वाचण्याआधी मी चित्र पाहिले आणि पत्र वाचून झाल्यावर पुन्हा चित्राकडेच वळले. एस.टी.च्या टपावर नऊवारी नेसलेली एक बाई पाय सोडून बसली आहे. पाय कोंबडीचे आहेत आणि नखांसकट नीट निरखून काढलेले आहेत. ओठांवर पेन्सिलीची हलकी मिशी आहे. एका हातात विळा आहे, दुसऱ्या हाताने ती मांडीवरचे मूल थोपटते आहे आणि तिसरा हात गुडघ्यावर नुसता ठेवलेला आहे. त्या हातात काहीही नाही. बस काड्यापेटीएवढी आहे आणि बाई इतकी मोठी आहे, की तिचा अंबाडा कागदाच्या वरच्या कडेबाहेर गेला आहे. हे चित्र का आवडते ते सांगता येत नाही, असे तुम्ही लिहिता. मला वाटते, तुम्हाला तो तिसरा हात आवडत असावा. सकाळच्या डब्यापासून रात्रीच्या आवराआवरीपर्यंत दोन्ही हात गुंतलेल्या बाईला एखादा हात निव्वळ तिचा स्वतःचा, बिनकामाचा असावा, असे या मुलीला वाटले आहे, आणि ते तिला कोणाकडे पाहून वाटले असेल हे तुम्हाला मी सांगायला नको.

आधी घरातला प्रश्न घेते. सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना वणीच्या सप्तशृंगीची आठवण करून द्या. देवीला अठरा भुजा आहेत आणि त्या अठरा हातांमुळे ती कुणाला विद्रूप वाटत नाही, उलट तिचे सामर्थ्य त्या हातांतूनच दिसते. ओडिशात हिरापूरला चौसष्ट योगिनींचे एक जुने, वरून उघडे असलेले मंदिर आहे, तेथील काही योगिनींना तर पशूंची मुखे आहेत. स्त्रीदेहाला जास्तीचे हात, पशुपक्ष्यांचे अवयव किंवा अवाढव्य आकार देऊन काही सांगण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. तुमच्या मुलीने ती कुठून तरी उचलली आहे आणि एस.टी.च्या टपावर नेऊन बसवली आहे, एवढाच फरक आहे. सासूबाईंना या चित्रातील मिशी खटकत असेल तर खटकू द्या. त्यांनी चित्राकडे नीट पाहिले म्हणूनच ती त्यांना दिसली.

सरांविषयी थोडे वेगळे सांगते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या ग्रेड परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असते आणि त्या अभ्यासाने हात खरोखर तयार होतो. कोंबडीची नखे तिने निरखून काढली आहेत, ते वस्तुचित्राच्या सवयीशिवाय जमले नसते. तेव्हा परीक्षेला तिला अवश्य बसू द्या, दहावीला वाढीव गुणांचाही उपयोग होईल. मात्र परीक्षेची पट्टी तिच्या खासगी वहीला लावू नका, असे सरांना नम्रपणे आणि ठामपणे सांगण्याचे काम तुमचे आहे, मुलीचे नाही. वर्गातला कागद सरांचा आणि घरची वही तिची, ही विभागणी बहुतेक शिक्षक मान्य करतात.

आता चित्रकर्त्यांकडे येते. फोनवर तुम्हाला जे आढळले त्याचे कारण शोधण्याच्या पद्धतीत आहे. आपण ‘स्त्रीवादी चित्रे’ असा शोध घेतला, की यंत्र आपल्याला शैली दाखवते, माणसे दाखवत नाही. गुलाबी पार्श्वभूमी, केसांत फुले, मिटलेले डोळे, खाली एखादे सुविचारासारखे वाक्य, अशी एकमेकींवरून काढलेली चित्रे समोर येतात आणि त्यांत आता संगणकाने जुळवलेल्या चित्रांचीही भर पडली आहे. म्हणून माझा सगळ्यात मोठा सल्ला हा आहे, की शैली शोधू नका, नाव शोधा. ज्या चित्राखाली नाव नाही ते कितीही देखणे असले तरी पुढे सरकवा. नाव सापडले, की त्या नावाचे दुसरे पुस्तक पाहा, त्या पुस्तकात तिच्यासोबत आणखी कोणाची चित्रे आहेत ते पाहा आणि मग त्या नावाच्या मागे जा. पुस्तकाच्या सुरुवातीला प्रकाशक, मुद्रक, आवृत्ती असा मजकूर असलेले एक पान असते, जे आपण सगळे उलटून टाकतो. ‘मुखपृष्ठ आणि आतील चित्रे’ असे लिहून पुढे जे नाव छापलेले असते, ते तिथेच मिळते. दिवाळी अंकात तर ते अनुक्रमणिकेच्या पानावर एखाद्या कोपऱ्यात, बारीक टाइपात असते. मी एकेकाळी एका अंकाच्या संपादनात मदत करत असे. एका वर्षी बारा कथांना रेखाटने करणाऱ्या मुलीचे नाव छापायचे राहून गेले, आणि ती चूक माझ्या हातून झाली होती. तिने तक्रार केली नाही, पण पुढच्या वर्षी काम घेतले नाही. तेव्हापासून पुस्तक हातात आले, की मी आधी ते पान उघडते.

माग काढायला सुरुवात मराठीतूनच करा. माधुरी पुरंदरे हे नाव मुलीने बालवाडीच्या वयात ऐकले असेल, ते आता पुन्हा नव्याने पाहायला सांगा. त्या लेखिका आहेत आणि चित्रकर्तीही आहेत, आणि त्यांच्या पुस्तकांत शब्द कुठे थांबतात आणि चित्र कुठे बोलू लागते हे पाहणे चित्र काढणाऱ्या मुलीला फार शिकवून जाते. ‘बाबाच्या मिशा’ या त्यांच्या छोट्या पुस्तकात अनू नावाची मुलगी बाबाच्या आणि भोवतालच्या पुरुषांच्या मिशांकडे ज्या मोकळ्या कुतूहलाने पाहते ते वाचल्यावर तुमच्या मुलीला आपल्या मिशीवाल्या बायकांविषयी कुणाला खुलासा देण्याची गरज वाटणार नाही. त्यांच्या चित्रांतली घरे आपली घरे असतात. दोरीवर कपडे वाळत असतात, भांडी उपडी घातलेली असतात आणि मोठी माणसे आपापल्या कामात असतात. विचित्र आणि कल्पक चित्र काढायचे तर आधी साधे घर असे डोळ्यांत साठवावे लागते, म्हणून हे नाव मी पहिले सांगितले.

तुम्ही खिशाचे विचारले आहे. प्रथम बुक्स या संस्थेने 2015 मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ सुरू केले. तेथे मराठीसह अनेक भाषांतील चित्रपुस्तके विनामूल्य वाचता येतात आणि उतरवूनही घेता येतात. ही पुस्तके लहान मुलांची आहेत म्हणून नववीतली मुलगी नाक मुरडेल, पण तिला सांगा, की आज भारतातील उत्तमोत्तम चित्रकर्त्या याच पुस्तकांत काम करत आहेत आणि तेथे प्रत्येक पुस्तकावर लेखकाच्या बरोबरीने चित्रकाराचे नाव असते. एका नावावर बोट ठेवले, की त्याच व्यक्तीची इतर पुस्तके समोर येतात. आपल्या शोधाला याहून सोयीचे दुसरे काही नाही.

तिथे तुम्हाला प्रिया कुरियन हे नाव भेटेल, आणि तिथून खरी वाट सुरू होते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकलेल्या या चित्रकर्तीच्या म्हाताऱ्या बायका मला विशेष आवडतात. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाने काढलेल्या त्यांच्या ‘अम्माचीज ग्लासेस’ या पुस्तकात चष्मा हरवलेल्या केरळी आजीचा गोंधळ आहे आणि पुस्तकात गोष्ट सांगणारा एकही शब्द नाही. हे पुस्तक मिळाले तर मुलीच्या आधी सासूबाईंच्या हातात द्या. भाषेची अडचण नाही, आणि चष्मा हरवण्याचा अनुभव त्यांनाही असेलच. स्थूल, सुरकुतलेली, धांदरट आजी त्या पुस्तकाची नायिका आहे. तिला गोड करून दाखवलेले नाही आणि तिची टरही उडवलेली नाही. स्त्रीवादी चित्र म्हणजे काय असे तुम्हाला कुणी विचारले तर मूठ आवळलेल्या बाईपेक्षा मी या आजीकडे आधी बोट दाखवीन. चित्राच्या चौकटीत बाईला किती जागा आहे, ती कुणासाठी नटून उभी आहे की स्वतःच्या उद्योगात आहे, तिचे हात काय करत आहेत, ती कुठे पाहते आहे, एवढे चार प्रश्न चित्राला विचारले, की पुष्कळसे कळते. तुमच्या मुलीच्या चित्राला हे प्रश्न विचारून पाहा.

प्रिया कुरियन यांच्या नावावरून पुढचे पुस्तक सापडते ते ‘ड्रॉइंग द लाइन’. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतील अत्याचारानंतर देशभर जो क्षोभ उसळला, त्या पार्श्वभूमीवर तरुण चित्रकर्त्यांची एक कार्यशाळा दिल्लीत झाली आणि तिच्यातून चौदा जणींच्या चित्रकथांचा हा संग्रह झुबान या स्त्रीवादी प्रकाशनसंस्थेने 2015 मध्ये काढला. प्रिया कुरियन यांच्यासोबत लारिसा बेर्तोनास्को आणि लुडमिला बार्च या दोघींनी त्याचे काम पाहिले. या दोघी हॅम्बुर्गहून 2004 पासून निघणाऱ्या ‘श्प्रिंग’ या केवळ स्त्रियांच्या चित्रवार्षिकाशी संबंधित आहेत. या पुस्तकाजवळ मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुमच्या मुलीला ज्या प्रकारची सोबत हवी आहे ती इथे एकाच ठिकाणी चौदा पटीने मिळते. दीती मिस्त्री यांची कथा मुंबईच्या लोकलमधील लेडीज डब्यात घडते. रेशू सिंग यांनी लग्नासाठी काढायच्या फोटोवर कथा रचली आहे, आणि तो फोटो आपल्यापैकी कितीजणींनी जड मनाने काढून घेतला असेल! हरिणी कण्णन यांनी गोऱ्या रंगाच्या हव्यासावर लिहिताना निवेदन थेट पोटातल्या बाळाकडे दिले आहे. समिधा गुंजाळ यांच्या कथेत रस्त्यावर छेड काढली जात असलेली मुलगी अखेर कालीचे रूप घेते. गोव्याच्या व्यंगचित्रकार अँजेला फेराव यांनी नोकरी शोधणाऱ्या बाईची कथा सांगितली आहे. या चौदा जणींपैकी कुणाचीही रेषा दुसरीसारखी नाही. एकीची रेषा काटेरी आहे, दुसरीची शाईत बुडवून पसरवलेली आहे, तिसरीची लहान मुलासारखी भाबडी आहे, आणि तरीही विषय एकाच राहणीतून आलेले आहेत. आपण काढतो ते विचित्र आहे असे ज्या मुलीला सांगण्यात आले आहे, तिला हे पाहून केवढा धीर येईल याची कल्पना करा. पुस्तक इंग्रजीत आहे, पण मजकूर बेताचा आहे. छेडछाड आणि हिंसा यांविषयीच्या कथा त्यात आहेत, म्हणून ते आधी तुम्ही वाचा आणि मग तिच्यासोबत बसून पुन्हा वाचा. चौदा वर्षांच्या मुलीने रस्त्यावर आणि बसमध्ये जे आधीच सोसलेले असते, त्याविषयी बोलायला अशा पुस्तकाने तोंड फुटते. दाखवावे का, या प्रश्नाला माझे उत्तर म्हणून होकाराचेच आहे.

याच संग्रहात कावेरी गोपाळकृष्णन हे नाव आहे, आणि त्या नावाचा माग काढला, की ‘कडक’ या गटापर्यंत पोहोचता येते. दक्षिण आशियातील काही चित्रकर्त्यांनी 2016 मध्ये एकत्र येऊन हा गट उभा केला. चहा कडक असतो तशा आम्ही, असा त्या नावातला भाव मला तरी वाटतो. या गटातल्या मुंबईच्या मीरा मल्होत्रा यांनी साडीवर केलेली एक छोटी पुस्तिका आहे, ती साडीसारखी घडी घडीने उलगडत जाते. अशा स्वतः काढलेल्या, स्वतः छापलेल्या आणि हातोहात वाटलेल्या पुस्तिकांना ‘झाइन’ म्हणतात. एक कागद आठ भागांत दुमडून, मध्ये कात्रीने एक चीर देऊन, तुमची मुलगी आज संध्याकाळी अशी पुस्तिका करू शकेल आणि झेरॉक्सच्या दुकानात तिच्या दहा प्रती काढू शकेल. जनीन श्रॉफ यांच्या चित्रांत माणसांच्या धडावर पक्ष्यांची डोकी येतात. तुमच्याकडे बाईला पक्ष्याचे पाय आहेत, तेव्हा त्यांची ओळख व्हायलाच हवी, फक्त त्यांची काही चित्रे प्रौढांसाठी आहेत, ती आधी तुम्ही पाहून निवडा. आरती पार्थसारथी यांनी ‘रॉयल एक्झिस्टेन्शियल्स’ या चित्रमालिकेत जुन्या लघुचित्रांतील राण्या आणि सरदारांच्या तोंडी आजचे संवाद घातले. राजवाड्याच्या गच्चीवर शतकानुशतके मुकाट बसलेली राणी पगारातील तफावतीविषयी बोलू लागली, तर कसे वाटेल ते मुलीला विचारून पाहा.

आतापर्यंतची नावे बहुतेक शहरात शिकलेल्या, इंग्रजीत वावरणाऱ्या स्त्रियांची झाली. ही यादी इथेच थांबली तर ती अर्धवट आणि अन्यायाची होईल, आणि खरे सांगायचे तर मला ज्यांच्याविषयी सर्वाधिक आस्था आहे त्या चित्रकर्त्या यापुढे येतात.

दुर्गाबाई व्याम मध्य प्रदेशातील मंडला जिल्ह्यातल्या. परधान गोंड घरात सणासमारंभाला भिंतींवर आणि अंगणात ‘डिगना’ नावाची नक्षी काढतात, ती त्या लहानपणी शिकल्या. कुठल्याही कलाशाळेत त्या गेल्या नाहीत. चेन्नईच्या तारा बुक्सने 2005 मध्ये रुकैया सखावत हुसेन यांच्या ‘सुलतानाज ड्रीम’ या कथेला त्यांच्याकडून चित्रे करून घेतली. ही कथा 1905 मधली आहे. तिच्यातल्या देशात पुरुष घरात पडद्याआड राहतात आणि स्त्रिया सूर्याची उष्णता साठवून, हवेत उडणाऱ्या वाहनांतून फिरत राज्यकारभार करतात. शंभर वर्षांपूर्वी एका बंगाली मुस्लिम स्त्रीने पाहिलेले हे स्वप्न एका गोंड चित्रकर्तीच्या ठिपक्यांत आणि रेघांत उतरले, यापरते कल्पक चित्र मी तुम्हाला आणखी कोणते सांगू? पुढे 2011 मध्ये ‘नवयान’ या प्रकाशनसंस्थेने ‘भीमायन’ ही चित्रकथा काढली, तिची चित्रे दुर्गाबाई आणि त्यांचे पती सुभाष व्याम या दोघांची आहेत. बाबासाहेबांचे चरित्र त्यांनी चौकटींत मांडायला नकार दिला. माणसांना चौकटीत कोंडले तर ती गुदमरतील, असे त्यांचे म्हणणे होते, म्हणून प्रत्येक पान डिगनाच्या वळणांनी विभागलेले आहे आणि माणसे, झाडे, पाणी एकमेकांत वाहत जातात. मायेने बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात येतात आणि जातीवरून हिणवणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी असते. मुलीला हे पान प्रत्यक्ष दाखवा. लहानगा भीम साताऱ्याहून वडिलांना भेटायला निघतो तो मुलूख तुमच्यापासून दूर नाही, आणि त्या प्रवासात त्याला पाणी नाकारणाऱ्यांचे शब्द नांगी उगारलेले दिसतात तेव्हा वाचणाऱ्याचा हात नकळत मागे येतो. दुर्गाबाईंना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

बिहारमधील रांटी गावच्या दुलारी देवी मच्छीमार मल्लाह समाजातल्या. मधुबनी चित्रकर्त्यांच्या घरी त्या धुणीभांडी करत आणि तिथे पाहून पाहून त्यांनी चित्रे काढायला सुरुवात केली. त्यांची ही कथा त्यांच्याच चित्रांसह तारा बुक्सने 2010 मध्ये ‘फॉलोइंग माय पेंट ब्रश’ या नावाने काढली आणि 2021 मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली. भटक्या गायकांच्या समाजातल्या तेजूबहन यांचे ‘ड्रॉइंग फ्रॉम द सिटी’ हे पुस्तक 2012 चे. गाव सोडून शहरात आलेल्या या बाईने काळ्या रेघांनी आणि ठिपक्यांनी आगगाड्या भरल्या, रस्ते भरले आणि मग स्वतः मोटार चालवणाऱ्या, विमानातून जाणाऱ्या बायका काढल्या. त्या बायका तिने पाहिल्या नव्हत्या, काढल्या मात्र. तुमच्या मुलीची टपावर बसलेली बाई या बायकांच्या नात्यातली आहे, असे मला मनापासून वाटते.

तारा बुक्सची काही पुस्तके हातकागदावर हाताने छापली जातात आणि त्यामुळे महाग असतात. ती विकत घेण्याची ओढाताण करू नका. तुमच्या गावात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालय असेल, तिथे वाचकांच्या मागणीच्या वहीत पुस्तकाचे आणि प्रकाशकाचे नाव व्यवस्थित लिहून द्या, आणि एकदा लिहून थांबू नका, दोन-तीन मैत्रिणींनाही लिहायला सांगा. ग्रंथपालाला मागणी दाखवता आली, की खरेदीच्या यादीत नाव घालणे सोपे जाते. तूलिकाची बरीच पुस्तके मराठी मजकुरासह निघतात आणि ती आवाक्यात असतात. मुंबईला कधी जाणे झाले आणि जे. जे. कला महाविद्यालयाचे वार्षिक प्रदर्शन सुरू असेल तर मुलीला जरूर न्या. तिथल्या विद्यार्थिनी तिच्याहून चार-सहा वर्षांनीच मोठ्या असतात, आणि नामवंतांच्या पुस्तकापेक्षा कधी कधी तेवढ्या अंतरावरचे काम जास्त उपयोगी पडते.

दोन नावे राहिली. रचिता तनेजा 2014 पासून ‘सॅनिटरी पॅनल्स’ ही व्यंगचित्रमालिका काढतात. काड्यांच्या हातापायांची माणसे आणि बाजूला दोन वाक्ये, यापलीकडे त्यांच्या चित्रात काही नसते, पण ती वाक्ये सत्तेला झोंबतात. त्यांच्यावर 2020 मध्ये न्यायालयाच्या अवमानाची कारवाई सुरू झाली आणि 2024 मध्ये त्यांना व्यंगचित्रातील धैर्यासाठी कोफी अन्नान यांच्या नावाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शरीरशास्त्र चुकले म्हणून नाउमेद होणाऱ्या मुलीने या काड्यांकडे पाहावे. दुसरे नाव अमृता पाटील यांचे. त्या गोव्याच्या कला महाविद्यालयात शिकल्या आणि 2008 मध्ये आलेली त्यांची ‘करी’ ही चित्रकादंबरी मुंबईसारख्या एका धुरकट शहरात जाहिरातसंस्थेत काम करणाऱ्या, एका मुलीवर प्रेम करणाऱ्या तरुणीची आहे. कोळशाने काढल्यासारख्या काळ्या-राखाडी पानांत अचानक रंग उमटतो तो क्षण मी विसरलेले नाही. तिची सुरुवात मात्र आत्महत्येच्या प्रयत्नाने होते, म्हणून हे पुस्तक तुम्ही आज वाचा आणि मुलीला तीन-चार वर्षांनी द्या.

एक सावधगिरी मात्र सांगायला हवी. या सगळ्या चित्रकर्त्या एकदम तिच्या अंगावर घालू नका. महिन्याला एक नाव पुरे. आवडलेले चित्र ती उतरवून काढील, तेही तिला करू द्या, कारण दुसऱ्याच्या रेषेवरून हात फिरवल्याशिवाय स्वतःची रेषा सापडत नाही. मात्र उतरवलेल्या चित्राखाली ‘अमुक यांच्या चित्रावरून’ असे लिहिण्याची सवय आत्ताच लावा आणि ते चित्र स्वतःचे म्हणून कुठे पाठवू नये, हेही सांगा. तिची स्वतःची चित्रे समाजमाध्यमांवर टाकण्याची घाई नको. तिथे मिळणाऱ्या पसंतीच्या आकड्यांनी या वयात हात पटकन वळतो, आणि मिटल्या डोळ्यांच्या, फुलांच्या बायका काढू लागायला फार दिवस लागत नाहीत.

आणि तिच्याही चित्रांना नाव हवे. प्रत्येक चित्राच्या मागे तिचे पूर्ण नाव, तारीख आणि गावाचे नाव लिहायला सांगा, अगदी वहीतल्या चित्रांमागेही. तो तिसरा हात कशासाठी आहे, असे तिला विचारू नका. एस.टी.वरच्या त्या बाईचा अंबाडा कागदाबाहेर गेला आहे ना? त्या कागदाला वरच्या बाजूने मागून दुसरा कोरा कागद चिकटवून द्या आणि पेन्सिल तिच्या हाती देऊन तुम्ही तुमच्या कामाला लागा.

तुमची,
ताई